आधी आपलं तोंड

हौदात नवी कातडी चकती बसवण्याआधी हुसेनभाई पखाली ती जिभेला लावून बघत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारी आली. माझं तोंड बघून ते हसले. "जनावर ज्याचं पानी पिणार, त्येला आधी आपलं तोंड लागाया पायजे, राव. जनावर काय चव सांगाया येतंय व्हय?"

ते जुन्नरचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी तट्टावर आरी, दाभण आणि करंजाच्या तेलाची बुधली टाकून गावोगावचे हौद नीट करत फिरत. आमच्या लोणीत विहिरीला लागून उंच हौद होता, मी मोट हाकून तो भरायचो. तळाच्या भोकात लाकडी दट्ट्या आणि त्याला कातड्याची चकती. दोरीने दट्ट्या उचलला की पाणी खालच्या दगडी हाळात येई आणि गुरं पीत. वर्षभरात चकती झिजे, मग हौद सारखा ठिबकत राही.

आमच्याकडची रीत अशी, की वर्षात गावचा जो चांगला बैल जाईल त्याच्याच कातड्याची चकती लावायची. गेला तरी तो आपल्या गोताला पाणी पाजतो, अशी समजूत. हाळाच्या पूजेचा मान मग त्याच्या धन्याला. फक्त फाशी रोगाने मेलेलं जनावर सोलायचं नाही, तसंच पुरायचं, नाहीतर त्याच्या कातड्याने माणसालाही न दुखणारा काळा फोड येतो आणि तो दगावतो, हे शेंबडं पोरही जाणत होतं.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. माझे चुलते तात्या यांचा हरण्या बैल गेला होता. ओढ्याच्या दरडीवरून पडला, असं तात्यांनी सांगितलं. त्याच्या कमावलेल्या कातड्यातून हुसेनभाईंनी चकती कापली, जिभेला लावली आणि बसवली. विहिरीत उरलंसुरलं होतं ते सगळं पाणी मी हौदात ओढलं. नवं कातडं भिजून फुगेपर्यंत गुरं सोडायची नाहीत, हा त्यांचा नेम. "कातडं मेलं तरी त्येची तान मरत न्हाई," ते म्हणत, "आधी त्येला पिऊ द्या."

गुरं सोडायच्या सकाळी सगळा गाव जमला. तात्या हळदकुंकू घेऊन उभे होते. हुसेनभाई मुक्कामाला होते त्या माझ्या गोठ्यातून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा सुजला होता आणि ओठावर मधोमध काळा पडलेला फोड होता. दुखतंय का, मी विचारलं.

"दुखत न्हाई. म्हणून तर कळलं," ते म्हणाले आणि तात्यांकडे वळले. "तात्या, हरण्या कसा गेला?"

"सांगितलं की. पडून."

"माज्या व्हटाकडं बगा आन् सांगा."

तात्यांची मान खाली गेली. "रातीला वैरण खाल्ली व्हती. सकाळी गोठ्यात फुगून पडला व्हता. नाकातनं काळं रगत. लेकरावानी वाढवला व्हता मी त्येला. तसाच खड्ड्यात लोटायचा म्हंजी..."

हुसेनभाईंनी खड्डा खणायला सांगितला. हौद त्यात रिकामा करायचा, चकती जाळायची, हाळाला कळीचा चुना फासायचा. लोक चिडले. गुरं चार दिवस नदीच्या चिखलपाण्यावर होती आणि पाण्याच्या वासाने दावी ओढत होती. "थोडं प्यालं तर काय व्हतंय?" कोणीतरी म्हणालं. हुसेनभाई सरळ हाळावर आडवे झाले. "मला तुडवा, मंग पाजा."

दट्ट्या मीच उपसला. पाणी खड्ड्यात गेलं आणि गुरं हंबरत राहिली. मला तात्यांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवेना. त्या उन्हाळ्यात तहानेने आमची कितीतरी गुरं गेली. फाशीने एकही गेलं नाही.

हौद रिकामा केला त्याच दिवशी हुसेनभाईंना जुन्नरला पोचवायला मी गाडी जोडली. जीभ सुजून त्यांचं बोलणं बंद झालं होतं. मंचरजवळ एका मळ्यात पाणी दिसलं, तेव्हा त्यांनी हाताने माझे बैल दाखवले. मी बैल सोडून पाण्यावर नेले. परत आलो तोवर हुसेनभाईंनी गाडीतच प्राण सोडला होता.

पुढच्या वर्षी जुन्नरहून दुसरा माणूस आला. चकती कापून तो बसवायला निघाला, तेव्हा तात्यांनी हात पुढे केला. ज्या माणसाने जन्मात कातड्याच्या पखालीतलं पाणी घशाखाली उतरवलं नव्हतं, त्याने पागोटं काढून हौदाच्या काठावर ठेवलं आणि गावासमोर ती चकती जिभेला लावली. मग तात्या तिथेच बसून राहिले. चार दिवस त्यांनी घराकडे पाय वळवला नाही. मी त्यांना आरसा नेऊन दिला. त्यांनी ओठ बघितला, आरसा खाली ठेवला आणि म्हणाले, "सोड गुरं."