थांबेपर्यंत थांबू

नापासमास्तर फुकट वीज काढणाऱ्या यंत्रांशी कधी वाद घालत नसत. स्टूल ओढायचे, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "थांबेपर्यंत थांबू." समोर चुंबकं लावलेलं चाक गरगरत असायचं, त्याचा बाप विश्वातल्या अदृश्य ऊर्जेवर प्रवचन झोडत असायचा आणि मास्तर निवांत चहा पीत चाकाकडे बघत बसायचे. दहा मिनिटांत चाक मंदावायचं. पाठोपाठ प्रवचनही. मग मास्तर रजिस्टर उघडून लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहायचे.

दादरच्या एका सभागृहात हौशी संशोधकांचं प्रदर्शन दरवर्षी भरतं. ऊर्जेच्या टेबलांना परीक्षक मिळत नसे, कारण शहाणी माणसं तिकडे फिरकत नाहीत. मास्तर आपणहून तयार झाले. मूळचे मालवणकडचे, अर्धं आयुष्य गिरणीच्या फिटिंग खात्यात गेलेलं. गिरणी बंद पडल्यावर लालबागला गाळा घेऊन पॅकिंग मशीनचे सुटे भाग बनवायचे.

या संशोधक जमातीचा मला मनस्वी तिटकारा आहे. काखेत फाईल, मोबाईलमध्ये परदेशातले व्हिडिओ आणि तेलकंपन्या आपल्या जिवावर उठल्यात ही खात्री. एकाने तर टेबलक्लॉथखाली बॅटरी लपवली होती. मास्तरांनी कापडावर सांडलेला चहा पुसायच्या निमित्ताने कोपरा उचलला, वायर बघितली आणि कोपरा परत नीट अंथरला. चुंबकवाल्यांना ते सांगायचे, "चुंबकाला पगार लागत नाही, म्हणून तो रोज कामावर येईल असं नाही." पण हे ऐकायला डोकं ठिकाणावर लागतं. ती मंडळी पुढच्या वर्षी आणखी मोठं चाक घेऊन हजर.

गाळ्यातही मास्तरांची तीच तऱ्हा. एकदा एका कंपनीचं मशीन पाकिटं वाकडी कापायला लागलं. त्यांचा इंजिनीयर लॅपटॉप उघडून मोटरचा प्रोग्रॅम तीन दिवस बदलत होता. मास्तरांनी सरकणारा भाग हाताने पुढेमागे हलवून पाहिला. तो भाग ओढणारा नट स्क्रूवर केसभर सैल होता. "मोटर सांगता तिथेच जाते," ते म्हणाले, "तुमचा नटच जागेवर नाही." इंजिनीयरसाहेबांनी लॅपटॉप मिटला. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

आता खरं काय ते सांगून टाकतो. त्या जमातीतला सगळ्यात मोठा गाढव मीच होतो. परळच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून दीड वर्ष मी घरात एक लोखंडी चाक बनवत बसलो होतो. कडेने तिरपी चुंबकं, मधे जाड शाफ्ट. एकदा ढकललं की अर्धा तास फिरायचं. पुढे मीच हात लावून थांबवायचो, उगाच बेअरिंग झिजायला नको म्हणून! ते कधी थांबतं हे मी एकदाही बघितलं नव्हतं. एक भागीदार तयार होता, फक्त प्रदर्शनाचं प्रमाणपत्र आण म्हणाला होता. बायकोने बजावलं होतं, या वेळी जमलं नाही तर मी माहेरी जाते, तू आणि तुझं चाक सुखाने नांदा.

मास्तर स्टुलावर बसले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. बाकीची टेबलं उचलली गेली, पोरं खुर्च्या एकात एक घालायला लागली. बावन्नाव्या मिनिटाला माझं चाक थांबलं, जरासं मागे डुललं आणि गप्प झालं. मास्तरांनी नापास लिहिलं. मी फाईल आवरायला घेतली. तेवढ्यात ते वाकले, शाफ्टवरून बोट फिरवलं आणि चाक पुन्हा हलकेच ढकलून कान लावला.

"ह्यां कोणी केल्यान?"

मी म्हटलं, मीच. बेअरिंगच्या जागा हाताने घासल्या, ग्रीस काढून पातळ तेल घातलं, मेणाचे थेंब चिकटवून तोल साधला.

"मेल्या, तुझ्या चुंबकांनी काहीच केलं नाही. एवढा वेळ फिरलं ते तुझ्या हातामुळे. उद्या गाळ्यावर ये."

मला तो अपमान वाटला. मी फिटर नाही, संशोधक आहे, असं मी त्यांना ठणकावलं. काय तो माज! घरी येऊन मास्तरांना यथेच्छ शिव्या घातल्या. बायको शांतपणे म्हणाली, "तो माणूस बावन्न मिनिटं तुझ्या चाकासमोर बसला. मी दीड वर्षात पाच मिनिटं बसले नाही." आठ दिवसांनी मी लालबागला गेलो. आजवर आमची चूल पेटते आहे ती त्या गाळ्यावर.

मास्तर थकले तेव्हा गाळा माझ्याकडे आला आणि परीक्षकाचं कामही. मी धडाक्यात नापास करत सुटलो. गेल्या वर्षी वडाळ्याचे एक पन्नाशीचे गृहस्थ आले होते, अगदी त्याच जमातीतले. मी लांबूनच चुंबकं बघितली, उभ्याउभ्याच नापास लिहिलं आणि पुढे गेलो. त्यांनी "एकदा बसून बघा ना," असं काहीसं म्हटलं. मी हसलो.

मास्तर परळला मुलीकडे अंथरुणाला खिळून होते. त्यांना हसवावं म्हणून मी हा किस्सा रंगवून सांगितला. ते हसले नाहीत.

"किती मिनिटं फिरलं?"

माहीत नाही म्हटलं, मी थांबलोच नाही.

"मग तू नापास कोणाला केलंस?" त्यांनी विचारलं आणि डोळे मिटून घेतले. कामाचं असं ते माझ्याशी शेवटचं बोलले. पंधरा दिवसांनी गेले.

दिवसपाणी उरकल्यावर मी सभागृहात जाऊन रजिस्टर काढून घेतलं, त्या गृहस्थांना शोधायचं म्हणून. त्यांच्या टेबलाच्या ओळीत माझ्या अक्षरात नापास लिहिलंय. नावाचा रकाना मी भरलाच नव्हता.