माझ्याकडे बघून वाचा

केंब्रिजच्या लायब्ररीत छोटी गोल टोपी घातलेले एक ज्यू आजोबा रोज दिसायचे. कॉलेजातल्या एका ज्यू मुलीच्या दारावर कुणीतरी गलिच्छ शिवी रंगवली होती. त्या बातमीखालच्या ऑनलाइन कमेंट्सची ते प्रिंट काढत आणि शेजारी बसलेल्याच्या हातात देऊन म्हणत, "माझ्याकडे बघून वाचा."

एकदा कागद माझ्या हातात आला. 'पोरीनंच रंगवलं असेल, प्रसिद्धीसाठी.' कमेंटवरचं टोपणनाव माझंच होतं. दार मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी न वाचताच कागद उलटा ठेवला. आजोबा शांतपणे म्हणाले, "टाइप करणाऱ्या बोटांना लाज नसते."

घरी येऊन त्याच कमेंटखाली मी माफी मागितली, स्वतःचं पूर्ण नाव लिहून. त्यावर अजून शिव्या पडतात. पडू देत. नाव खोडणार नाही.