चार रुपयांची पँट

माझ्या मुलीला पैसे मोजायला मी शिकवलं, आणि त्यापायी माझ्या दिरांना दुसऱ्याची पँट घालून मुलगी बघायला जावं लागलं.

आम्ही तेव्हा सुरतेत, उधन्याला राहायचो. हे लूमवर कामाला. आमची पिंकी सहा वर्षांची. दोन रुपयांपेक्षा चार आणे जास्त, असं तिचं ठाम मत. (दोनापेक्षा चार मोठे ना!)

मी गोष्टीचं पुस्तक आणलं. अस्वलाचं दुकान, पानोपानी एकेक वस्तू आणि तिची किंमत. वाचायचं आणि तेवढी नाणी पानावर मांडायची. पिंकीने पुस्तक पाठच केलं! मग मी चिठ्ठ्या लिहिल्या आणि भाताची शितं लावून घरभर चिकटवल्या. घड्याळ तीन रुपये. ह्यांचा रेडिओ दोन रुपये. (ह्यांना तो अपमान वाटला.) खुंटीवर नवी पँट दिसली, तिलाही चिठ्ठी: चार रुपये.

पँट माझ्या धाकट्या दिरांची, सुरेशभाऊजींची. दुपारी जवळच चलथाणला मुलगी बघायला जायचं म्हणून ते खास धुळ्याहून आले होते. ते न्हाणीत गेले, मी दळण आणायला गेले.

परत येते तो पिंकी ओट्यावर, पुढ्यात आमचा संसार!

"पिंके, हे काय?"

"दुकान! पँट खपली. कांतामासीने घेतली. तीनच देत होती. मी म्हटलं, चिठ्ठी वाच!"

तिने मूठ उघडली. एक दोनाचं नाणं, एक रुपया, दोन आठ आणे. बरोबर चार! (खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला.)

तेवढ्यात आतून हाक आली, "वहिनी, माझी पँट?"

मी शेजारी धावले. "कांताबेन, पँट द्या ना परत!"

"अरे बेन, मला वाटलं तुम्ही जूनां कपडां काढले! ए तो पहेरीने गया!"

नटुभाई, म्हणजे कांताबेनचे बुटके मिस्टर, ती पँट खाली दुमडून, वर पट्टा आवळून लांब इच्छापोरच्या कारखान्याकडे निघूनही गेले होते! भाऊजींची दुसरी पँट मीच सकाळी सोड्यात भिजवलेली. ह्यांची पँट भाऊजींच्या मांडीपाशीच अडली. शेवटी ओशाळलेल्या कांताबेनने नटुभाईंची ठेवणीतली पँट दिली. सहा फुटी भाऊजींच्या ती पोटरीवर थांबली आणि कमरेला बटण लागेना म्हणून सेफ्टी पिन!

"बसू नका हं, भाऊजी," मी बजावलं.

चलथाणला मुलीचे वडील म्हणाले, "बसा ना."

"उभाच बरा."

"पाय दुखतात का?"

आता मुलात खोट निघते की काय, म्हणून भाऊजी घाईने बसले. टुण्ण! पिन उडाली ती थेट होणाऱ्या सासरेबुवांच्या पोह्यांत!

मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. भाऊजींनी हातांनी कंबर धरून सगळी हकीगत सांगून टाकली, आणि वर म्हणाले, "पण पोरीने पैसे बरोबर मोजले हं!" मुलगी पदर तोंडात कोंबून आत पळाली. तिचं हसणं बाहेरपर्यंत येत होतं.

निरोप आला: "पुतणीवर न चिडणारा मुलगा पसंत आहे."

मग काय, गल्लीतल्या बाया आपापली पोरं माझ्याकडे शिकायला पाठवू लागल्या. माझी मान ताठ! फक्त शिकवणीची वेळ झाली की घरोघरी दोरीवरचे कपडे आत घेतले जायचे. आणि आमचे हे, मी चिठ्ठ्या लिहायला बसले रे बसले, की आधी पँट चढवून पट्टा आवळून बसायचे!