टोकाचा दगड

लवू मैलकुली होता. वालावलच्या रस्त्याचा आपल्या वाट्याचा तुकडा त्याला लेकरासारखा होता. पाऊस सरला की खड्डे बुजवायचे, कडेचं रान कापायचं आणि थंडी पडायच्या आत खाडीवरच्या वळणाचे दगड चुन्याने पांढरे करायचे, हे लोकल बोर्डाचं काम. हिवाळ्यात पहाटे खाडीतून धुकं वर यायचं आणि रस्ताच गिळून टाकायचं. एस.टी.च्या ड्रायव्हरला मग भरवसा फक्त त्या पांढऱ्या दगडांचा.

हे दगडही बोर्डाने उगीच नव्हते लावले. सुभद्राकाकीचा मुलगा बाळा अशाच धुक्यात चिऱ्यांची गाडी घेऊन निघाला आणि बैलांसकट खाली खाडीत गेला. तेव्हा कुठे साहेबांचे डोळे उघडले. दगड आले, आणि काकीने अगदी टोकाच्या दगडाला आपला बाळा मानलं. रोज संध्याकाळी येऊन ती त्याला खोबरेल चोळायची आणि फूल वाहायची.

घोळ झाला तो तिथेच. तेल मुरलेल्या दगडावर चुना काही धरेना. लवूने मीठ घालून बघितलं, डिंक घालून बघितलं. दोन दिवसांत सगळं पापुद्र्यांनी गळून पडलं. बाकीचे दगड बगळ्यासारखे शुभ्र आणि नेमका कड्याच्या टोकावरचा काळा कुळकुळीत. ओव्हरसियर वैतागून म्हणाला, "त्या बाईला सांग, तेल बंद कर म्हणून."

लवू सांगायला गेलासुद्धा. काकी दगडावर हात फिरवत गाय व्यायला आल्याची बातमी बाळाला देत होती. तो तसाच माघारी फिरला. अशा बाईला काय सांगायचं आणि कुठल्या तोंडाने?

मग त्याने आपल्यापुरती तोड काढली. धुकं पडलं की डोक्यावरून पांढरा पंचा घेऊन तो स्वतःच त्या दगडापाशी उभा राहायचा. पहिली गाडी गेली की घरी. गावाला तेवढंच निमित्त पुरलं. लवूला एस.टी.चा मुजरा घ्यायची हौस आली म्हणून लोक हसले. लवूही हसायचा आणि खोकायचा. गारठा त्याच्या छातीत बसला होता.

एका पहाटे काकी नुकत्याच व्यालेल्या गाईचा खरवस घेऊन दगडापाशी आली. धुक्यात तिला आधी खोकला ऐकू आला, मग पंचा दिसला. ती काही विचारणार तोच वळणावर गाडी आली. ब्रेक कचकचले आणि चाक लवूच्या पायाशी येऊन थांबलं. ड्रायव्हरने शिव्या घातल्या, गाडी मागे घेतली आणि निघून गेला. काकीने टोप खाली ठेवला.

"हंय कित्याक उभो रवतंस रे लवू?"

"काय नाय, काकी. डायवराक कड दिसाक व्हयी म्हणान."

"आणि दगड कित्याक आसत मगे?"

काकीने दगडाकडे पाहिलं, मग आपल्या तेलकट बोटांकडे. सगळं तिच्या ध्यानात आलं.

"माका सांगूक काय झाला होता तुका?"

"कसा सांगू, काकी? झील तो तुझो."

ती दगडापाशी बसली आणि पदर तोंडाशी धरून खूप रडली. लवूने तिला रडू दिलं. मग ती उठली, घरी गेली आणि चुलीतली राख, रिठ्याचं पाणी आणि घासायला नारळाचं सोडण घेऊन परत आली. ऊन चढेपर्यंत ती दगड घासत होती. लहानपणी बाळाला न्हाऊ घालायची तशीच, बाजू बदलून बदलून. लवू पुढे झाला, तर तिने त्याला हात लावू दिला नाही.

दगड सुकेपर्यंत लवूने चुना कालवून आणला. तिने त्याच्या हातातला कुंचला घेतला आणि चुन्यात बुडवला.

"तेवा माझो बाळा कोणाकच दिसलो नाय," ती म्हणाली. "आता सगळ्यांका दिसांदेत."