मुशीचं तेल आणि जीवनची फळी

आमच्या झाई गावात जीवनला सगळे खलाशी म्हणून ओळखतात. तो लाटेवर उभा राहतो हेही सगळ्यांना माहीत आहे. ते काम आहे असं मात्र कोणी मानत नाही. बराच काळ मीही मानत नव्हतो.

२०१४ साली तो एका मोठ्या बोटीवर होता. दक्षिणेकडच्या एका बंदरात इंजिन बिघडलं आणि बोट दीड महिना धक्क्याला लागली. तिथली मुलं फळीवर उभी राहून लाटेबरोबर किनाऱ्याला यायची. मासे धरायची नाहीत, कुठे जायचीही नाहीत. जीवन रोज बघत बसायचा. परतला तेव्हा त्याच्या खांद्यावर तडे बुजवलेली एक जुनी फळी होती. पुढे तिच्यावरच तो तिकडच्या एका स्पर्धेत तिसरा आला. जाताना-येताना मासळीच्या ट्रकमध्ये बसला होता.

२०१८ च्या जूनमध्ये मुंबईहून मनिषचा फोन आला. उन्हात लावायचं क्रीम बनवणाऱ्या एका कंपनीत तो जाहिरातीचं बघायचा. त्याला जीवनचा व्हिडिओ घ्यायचा होता. तो कंपनीला पसंत पडला तर वर्षभराचा करार, नवी फळी आणि तीन स्पर्धांचा प्रवास. नाही पडला तर नारळी पौर्णिमेनंतर जीवन पुन्हा बोटीवर, आणि मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत सराव नाही.

मी बी.ए.ला मराठी साहित्य घेतलं होतं, म्हणून जीवनच्या इंटरनेटवरच्या पानावर फोटोंखाली ओळी लिहायचं काम माझ्याकडे. मनिषने आधी विचारलं ते फॉलोअर्सचं.

"तीनशे बारा," मी म्हणालो.

"हजार?"

"नाही. तीनशे आणि बारा."

यायच्या दिवशी त्याचं हायवेवरचं वळण चुकलं. अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकून तो तासभर उशिरा पोचला. ओहोटीला आमचं पाणी इतकं मागे जातं की नुसता चिखल उरतो. लाट मिळते ती भरतीच्या दोन तासांत. त्यातला एक गेला होता.

"समुद्र निळा नाहीये," कॅमेरा काढत मनिष म्हणाला.

"आमच्याकडे चहाच्या रंगाचाच येतो," जीवन म्हणाला.

"अरे, लाट विकता येत नाही. लाटेवरचा माणूस विकावा लागतो."

"किलोवर की नगावर?"

मनिष हसला. मग जीवन फळी घेऊन आला आणि मला वास आला.

फळी चकाकत होती. वर-खाली, कडेपर्यंत. जीवनच्या वडिलांनी, काशीनाथकाकांनी, सकाळी वाळूवर ओढलेल्या होडीला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावलं होतं. पाणी मुरू नये म्हणून दर पावसाळ्यात लावतात. उरलेलं त्यांनी फळीला चोळलं होतं. चार वर्षं ते तिला ओलांडून जात होते. तिच्याबद्दल कधी एक शब्द बोलले नव्हते.

पाय ठरावा म्हणून फळीवर मेण घासतात. तेलावर मेण बसेना. कंपनीचं स्टिकरही बसेना. जीवनने वाळूने घासलं, राखेने घासलं आणि तसाच पाण्यात शिरला. सहा वेळा पडला. मग बाहेर येऊन त्याने जुन्या जाळ्याचा तुकडा फळीवर ताणून बांधला. सातव्या लाटेवर तो उभा राहिला, गुडघे वाकवून, किनारा येईपर्यंत. मी टाळ्या वाजवायच्या विसरलो.

"सुंदर!" मनिष म्हणाला. "पण कंपनीचं नाव कुठाय?"

स्टिकर केव्हाच वाहून गेलं होतं.

"असं नाही चालणार. उद्या एकदा घेऊ, मग मी निघतो. तुला आज झालं काय?"

"तोल जात होता," जीवन म्हणाला.

मी बघतच राहिलो. मनिष बोर्डीच्या हॉटेलवर गेल्यावर मी विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"बाबांनी पहिल्यांदा हात लावला तिला."

"मग उद्या?"

तो घराकडे निघाला. मीही मागोमाग गेलो. काशीनाथकाका ओट्यावर जाळं शिवत होते. जीवन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"बाबा, तेल काढायला लागेल. पाय सरकतो."

काकांची सुई थांबली. मला वाटलं, झालं.

"होडीला चालतं. हिला चालत नाही?"

"नाही."

"मग बोलायचं ना, गाढवा. दोन वाट्या तेल घालवलं मी तिच्यावर."

ते आत गेले, घासलेट आणि चिंधी घेऊन आले, आणि स्वतःच पुसायला बसले. जीवन दुसऱ्या बाजूने.

"लावतात काय मग हिला?"

"मेण."

"कशाला?"

"पाय चिकटायला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बी.ए. म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. "मास्तर, ऐकलंत? बोटीवर पाय घट्ट ठेवायचा हे आमच्या पायाला कळतं. याला मेण लागतं."

दुसऱ्या दिवशी भरती जवळजवळ तासाने उशिरा लागली. घासलेटाचा वास होता, पण मेण बसलं, स्टिकर बसलं. जीवन पाच लाटांवर उभा राहिला. काका होडीला टेकून उभे होते. पाचही मोजल्या त्यांनी.

ऑगस्टमध्ये करार आला. एक वर्षाचाच. पुढचं वर्ष पानावरची माणसं वाढली तर, असं मनिषने लिहिलं होतं. सोबत क्रीमच्या बारा ट्यूब. जीवनने एक वडिलांच्या हातात दिली.

"हे विकायचं तुला?"

"मी विकत नाही. माझ्यामुळे लोक घेतात."

काकांनी झाकण उघडून वास घेतला. स्वतःचा काळा, मिठाने तडकलेला हात उलटासुलटा करून पाहिला.

"आपल्यातलं कोण घेईल रे?" त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते.

जीवनने माझ्याकडे पाहिलं. पानावर तेव्हा चारशे सहा माणसं होती.