गोलीचा शब्द

माझा धंदा मंडप आणि साउंडचा. माइक ज्याचा, आवाज त्याचा, या न्यायाने आमच्या टेमघरच्या फुटबॉल स्पर्धेत बोलायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे. हळदी, सत्यनारायण, नगरसेवकाचा वाढदिवस, सगळीकडे मीच बोलतो. पण मैदानावर जो चेव येतो तो दुसरीकडे येत नाही. गोल झाला की तो एकच शब्द मी दम जाईपर्यंत ओढतो आणि कोपऱ्यातली बँजो पार्टी लगेच वाजवायला लागते. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही. माझा शब्द कानावर आला की वाजवायचं, एवढंच ठरलेलं आहे.

हाफटाइमला जुन्या खेळाडूंचा सत्कार असतो. शाल, नारळ आणि माझं भाषण. त्यात सगळ्यात मोठा मान गोलीमामाचा. गोलकीपरला आमच्याकडे गोली म्हणतात. हा माझ्या आईचा चुलतभाऊ, म्हणून माझा मामा, आणि आता सगळ्या गावाचाच. खाडीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा मुंबईच्या मोठ्या कंपनीच्या संघात गेला, राज्याकडून खेळला, कप्तान झाला, देशाच्या शिबिरात जाऊन आला, एकदा परदेशी दौराही करून आला. पेनल्टी अडवावी तर त्यानेच, असं जुने लोक अजून सांगतात. हे सगळं मला आरतीसारखं पाठ आहे.

हुकमाचा पत्ता मात्र मी शेवटपर्यंत राखून ठेवायचो. मुंबईतला अंतिम सामना. समोरच्याचा फटका आडव्या खांबाला लागतो, रेषेच्या आत टप्पा पडतो आणि बॉल बाहेर येतो. रेफरीला काही दिसत नाही, तो खेळ चालू ठेवतो. तेव्हा आमचा मामा हात वर करून स्वतः सांगतो, गोल आहे. आपल्याच संघाविरुद्ध. कप गेला, कंपनीचे साहेब संतापले. पण पेपरात फोटो आला आणि पुढे सचोटीचा खेळाडू म्हणून त्याला मोठा पुरस्कार मिळाला. इथे मी जरा थांबायचो, कारण टाळ्या इथेच पडतात.

मामा नेमका इथेच मान खाली घालायचा. मला वाटायचं, विनय असेल. मोठ्या माणसाला तो शोभूनही दिसतो, आणि मला तर भाषणात फारच उपयोगी पडायचा. मंचावरून उतरताना एकदा तो मला म्हणाला होता की तू बोलतोस फार. मी हसलो. बोलण्याचेच पैसे घेणाऱ्या माणसाला आणखी काय सुनावणार?

त्याच्या हॉलमध्ये काचेचं मोठं कपाट आहे. कप, ढाली, पदकं. सगळ्यांच्या मागे एक वीतभर उंचीचा पितळी कप आहे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. दिवाळीच्या साफसफाईत मी एकदा तो सरळ करून ठेवला, तर मामीने मला नजरेनेच दटावलं आणि पुन्हा होता तसा फिरवला. तिने कारण सांगितलं नाही. तिलाही ते ठाऊक नव्हतं, हे मला पुढे कळलं.

यंदा मंडळातल्या पोरांनी प्रमुख पाहुणा म्हणून शहरातला एक लूमवाला, म्हणजे यंत्रमागांचा मालक, गाठला. कप आणि शाली त्याच्याकडून. नाक्यावर बॅनर लागला, त्यावर पाहुण्यांचा पांढऱ्या दाढीतला फोटो आणि शेजारी मामाचा. त्याच दुपारी मामाचा फोन आला की उद्या वज्रेश्वरीला ने. गरम पाण्याच्या कुंडात बसायला मी त्याला नेतोच. गोलीची बोटं ती, एकही सरळ राहिलेलं नाही, आणि थंडीत फार ठणकतात. पण आमचा वार ठरलेला होता, आणि उद्या तो नव्हता.

मामा कुंडात उतरला. मग हात पाण्याखाली ठेवूनच त्याने सांगायला सुरुवात केली. बॅनरवरचा माणूस कोण आहे, हे मंडळाच्या पोरांना माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा भात कापून झालं की रिकाम्या खाचरांत फुटबॉल चालायचा. दोन बांबू रोवायचे, वर सुंभ बांधायचं, झाला गोलपोस्ट. जाळी कुणी बघितलेली नव्हती. त्यामुळे बांबूला चाटून गेलेला बॉल आतून गेला की बाहेरून, हे लांबून सांगता येत नसे. त्यासाठी एक रीत होती. रेफरी गोलीला विचारायचा आणि गोली म्हणेल ते खरं धरायचे. त्याला गोलीचा शब्द म्हणत. त्यावर कुणी वाद घालत नसे, हरलेलेही नाही. एखादा गोली खोटं बोलला असं कळलं, तर त्याला पुन्हा कुणी बांबूंमध्ये उभं करत नसत.

त्या दिवशी आमचं गाव विरुद्ध शहरातल्या लूमवर काम करणाऱ्यांचा संघ होता. त्यांच्या डाव्या बाजूला मामाच्याच वयाचा एक जण होता, रात्रपाळी करून थेट खेळायला आलेला. वाऱ्यासारखा पळायचा, असं मामा म्हणाला. आमचा संघ एका गोलने पुढे होता आणि मुंबईहून एक निवड करणारे साहेब खास मामाला बघायला आलेले होते. शेवटी शेवटी तो रात्रपाळीवाला डावीकडून एकटा सुटला. मामा गुडघा वर घेऊन पुढे झेपावला. त्याने बॉल मारला आणि त्याच क्षणी मामाचा गुडघा त्याच्या पोटात बसला. बॉल मागच्या खाचरात गेला आणि तो पोट धरून बांबूशी पडला. रेफरी धावत आला. पडल्या पडल्या त्याने मामाकडे बघून विचारलं, "गोली, गोल हुआ क्या?"

रेफरीचाही तोच प्रश्न होता. मामा म्हणाला, नाही. दोघांना मिळून एकच उत्तर.

"बॉल आतून गेला व्हता," मामा मला म्हणाला. "मी बघितला. चांगला इतभर आतून."

त्या पोराने मान हलवली, उठला, शेवटची मिनिटं लंगडत खेळलाही. संध्याकाळी त्याचं पोट फुगलं. टेम्पोत घालून मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं, आणि त्याच आठवड्यात तो गेला. त्याच आठवड्यात मामाला कंपनीच्या संघाचं बोलावणं आलं. भिंतीकडे तोंड केलेला कप त्या सामन्याचा. आणि बॅनरवरचा पाहुणा त्या पोराचा धाकटा भाऊ.

तो अपघात होता, खेळात असं होतं, असलं काहीतरी मी पुटपुटलो.

"गुडघ्याचं देवानं माफ केलं असंल," मामा म्हणाला. "शब्दाचं कोन करनार?"

पुढे त्याने जे सांगितलं, ते आठवलं की आजही मला बरं वाटत नाही. मुंबईला गेल्यावर पहिल्याच सामन्यात त्याला डाव्या खांबाशी, खालून, गुडघ्याच्या उंचीवरून आवाज आला. गोल हुआ क्या? त्याला वाटलं, मागे प्रेक्षकांतून कुणी बोललं असेल. मग तो आवाज प्रत्येक मैदानावर येऊ लागला. परदेशातही आला, जिथे ती भाषा बोलणारं कुणी नव्हतं. बॉल खांबाजवळून गेला की हमखास यायचा. रागाने नाही. विचारावं तसा. आणि त्या अंतिम सामन्यात, आडव्या खांबाला लागून बॉल आत पडला तेव्हा त्या आवाजाने विचारलं, आणि मामाने हात वर केला.

"लोक बोलतात मी रेफरीला सांगितला," तो म्हणाला. "मी त्याला सांगितला रं. रेफरी मधे उभा व्हता, एवढंच."

वर्षानुवर्षं मी जी गोष्ट टाळ्यांसाठी सांगत होतो, ती ही होती. मला त्याची फार दया आली आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो, तिथून उठून उजवीकडे गेलो.

मामाचं म्हणणं एवढंच होतं की सत्काराच्या वेळी भावाला हे सांगायचं. आधी जमलं नाही, हिंमत झाली नाही. आता तोही म्हातारा, हाही म्हातारा. तो गोल झाला हे जगात एकट्या मामाला माहीत होतं, आणि मामा गेला की तो गोलही जाणार होता. भाऊ काय करील, शिव्या देईल की शाल तोंडावर फेकील, याची त्याला पर्वा नव्हती. माझ्याकडे एकच मागणी होती. त्या दिवशी सचोटीची गोष्ट सांगायची नाही.

मी ती सांगितली नाही. हाफटाइमला मंचावर कंपनी, राज्य, कप्तानपद, दौरा, पेनल्ट्या, सगळं म्हटलं आणि आटपतं घेतलं. लोक वाट बघत राहिले. तेवढ्यात पाहुण्यांनीच हसत माझ्याकडून माइक घेतला आणि म्हणाले की सबसे बडी बात तो आप भूल गए. मग अंतिम सामन्याची ती गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली, माझ्यापेक्षा चांगली. पेपरातला तो फोटो त्यांच्या घरी किती तरी वर्षं भिंतीवर होता म्हणे. त्यांच्या अम्मीने लावलेला.

टाळ्या पडल्या. मामाचा चेहरा पांढरा झाला होता. पाहुणे शाल उलगडून पुढे आले, तेव्हा मामाने त्यांचे दोन्ही हात शालीसकट धरले. माइक परत माझ्या हातात आला होता आणि मी तो बंद केला होता, म्हणून ते फक्त मी ऐकलं. मामा हिंदीत, तुटक, पण स्पष्ट बोलला. तुम्हारे भाई का गोल था. अंदर से गया था. मैंने झूठ बोला.

खाली पोरं शिट्ट्या मारत होती, सत्कार लांबला म्हणून. पाहुणे अगदी हळू आवाजात बोलले.

"अस्पताल में हम सबने भाई को बोला, गोल था, गोल था। अम्मी ने भी बोला, उसका दिल रखने को। भाई माना ही नहीं। बोला, गोली ने ना बोला है। गोली झूठ नहीं बोलता।"

त्यांनी शाल मामाच्या खांद्यावर घातली की नुसती सुटून तिथे पडली, हे मला आजही सांगता येणार नाही. माफ केलं असं ते बोलले नाहीत. डोळे पुसून माझ्याकडे वळले आणि म्हणाले की माइक चालू करो, और बोलो. काय बोलायचं ते मला कळलं. मी माइक चालू केला आणि गोल म्हणालो. नेहमीसारखा ओढायला गेलो, पण आवाज मधेच फाटला. मैदानात एकही खेळाडू नव्हता. तरीही बँजो पार्टीने ठरल्याप्रमाणे जोरात वाजवायला सुरुवात केली, आणि लोक बॉल कुठे आहे ते शोधू लागले.

मामा मंचावरून उतरला. शाल सावरत, काठी टेकत तो जवळच्या गोलपोस्टपर्यंत गेला, जाळीत शिरला आणि डाव्या खांबाशी खाली वाकला. गोल झाला की जाळीतून बॉल काढणं गोलीचंच काम असतं. तिथे बॉल नव्हता. वाकडी बोटं जुळवून तो बराच वेळ तसाच वाकून राहिला, आणि शेवटी मी जाऊन त्याला बाहेर आणलं.

पाहुणे चहाला न थांबता गेले. जाताना त्यांनी मामाला लांबूनच सलाम केला, मामाने हात वर केला. मला वाटलं, चला, सुटला एकदाचा. घरी मी मामीला तसं सांगितलंही.

पुढच्या वेळी वज्रेश्वरीला गेलो, तेव्हा मामा पाण्यात हात सोडून निवांत बसलेला दिसला. मी धीर करून विचारलं, की मामा, आता तो आवाज बंद झाला ना.

"न्हाय," मामा म्हणाला. "आता तो इचारतो, मी हो बोलतो. पन तो ऐकत न्हाय रं. त्याचा इस्वास पयल्या शब्दावरच हाय."