वहिनींचा उडो

"यंदाही नाही जमलं," असं म्हणून वहिनी कुंडीतली माती हाताने थोपटायच्या, तापातल्या पोराला थोपटावं तशा.

वहिनी जपानच्या. लग्न होऊन नाशिकच्या गंगापूर रोडला आमच्या शेजारी आल्या आणि नवरा गेल्यावरही सासूबाईंसाठी इथेच राहिल्या. तुम्ही त्यांना पाहिलंही असेल. सुती साडी आणि डोक्यावर गवताची हॅट. मराठी अगदी नीट, फक्त 'ळ' म्हणताना जीभ अडखळायची.

त्यांना माहेरच्या जंगलातला उडो इथे रुजवायचा होता. परातीएवढ्या पानांचं झाड. थंडीत वरचं सगळं मरतं आणि वसंतात मुळातून जाड, पांढरे कोंब फुटतात. ते सोलून खायचे. बहीण तिकडून बी पाठवायची. रोपं इथल्या थंडीत तरारायची आणि मार्चच्या उन्हात उकडल्यासारखी लोंबायची.

एका वर्षी ओल्या पोत्यांच्या आडोशाला एक मूळ तगलं. त्याला कडक थंडी हवी, म्हणून वहिनींनी ते फ्रीजमध्ये ठेवलं.

"फ्रीजमध्ये माती कशाला गं?" सासूबाई ओरडल्या.

"त्याला झोप हवी, आई."

"मग गादी घाल की!"

आम्ही पोट धरून हसलो.

सासूबाईंना तेव्हा विसर पडू लागला होता. एका सकाळी त्यांनी ते मूळ सुरण समजून चिरलं आणि चिंच-गूळ घालून भाजी केली. मी गेले तेव्हा दोघी जेवत होत्या.

"वहिनी, हे तेच ना?" मी हळूच विचारलं.

त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. "छान झालीय, आई," म्हणत पुन्हा वाढून घेतली. नंतर भांडी घासायला बसल्या आणि नळ मोठा सोडून नुसत्याच बसून राहिल्या.

पुढे बहीण गेली, बी यायचं थांबलं. मग सासूबाई गेल्या. वहिनींचीही माणसांत, दिवसांत गल्लत होऊ लागली. शेवटी भाची येऊन त्यांना जपानच्या वृद्धाश्रमात घेऊन गेली. आम्हाला वाटलं, चला, तिथे हवं ते खायला तरी मिळेल.

परवा भाचीचा व्हिडिओ कॉल आला. वहिनींसमोर बशीत उडोचे सोललेले कोंब तसेच पडलेले. जपानीत विचारलं की त्या नुसती मान हलवत; बोलत मात्र मराठीतच.

"सारखं हेच म्हणते," भाची तोडक्या इंग्रजीत म्हणाली. "याचा अर्थ काय?"

वहिनी दाराकडे बघत होत्या. "अहो, मला नाशिकला सोडा ना. आई उपाशी असतील."

मी अर्थ सांगितला. भाचीच्या मागे वहिनी उठल्या आणि पलंगाखाली वाकून चपला शोधू लागल्या.